आधी रिकामं मोजायचं

होळी झाली की आमच्या गल्लीत पापडांचे वार ठरतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. ज्या घरी पापड, त्या घरी गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सकाळीच जातात, दुपारपर्यंत लाटतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी जातात. याला आमच्याकडे सावड म्हणतात. तू माझ्याकडे आलीस म्हणून मी तुझ्याकडे येते, एवढंच. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आमच्या गावात एकटीनं पापड लाटणारी बाई मी पाहिलेली नाही. उडदाचं पीठ लवकर वाळतं, एका बाईचा हात पुरत नाही. आणि एकटीनं लाटायची वेळ येणं म्हणजे काय, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

या सावडीत माझ्या आईचं एक काम ठरलेलं होतं. पापडखाराचं पाणी तिनं करायचं. किती खार, किती मीठ, पीठ किती घट्ट, हे प्रत्येक घरी तीच ठरवायची. पिठाचा चिमूटभर तुकडा जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "अजून जरासा." मग बाकीच्या बायका कुटायला घ्यायच्या. आईला लिहिता येत नाही, सही येते. पण त्या एका क्षणी सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत असायची, आणि लहानपणी मला वाटायचं, शिकलेली माणसं अशीच दिसत असतील.

मागच्या वर्षी वार ठरले तेव्हा त्यात आईचं नाव नव्हतं.

त्याआधीच्या हिवाळ्यात आईच्या छातीतली गाठ काढली होती. नंतर पाच आठवडे लातूरला मशीनवरचे किरण घ्यायचे होते. मी लातूरलाच बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, फिजिक्स घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई माझ्या खोलीवर येऊन राहिली. रोज सकाळी मी तिला रिक्षानं दवाखान्यात न्यायची आणि तिथून तशीच कॉलेजला पळायची. तिच्या छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा ओढलेल्या होत्या. त्या पुसू द्यायच्या नाहीत असं सांगितलं होतं, म्हणून ती अंघोळ करताना त्या बाजूला पाणी लागू द्यायची नाही.

एकदा रिक्षात ती म्हणाली, "मला आत निजवतात आन् सगळे बाहीर पळतात. एवढं जाड दार लावून घेतात. मला एकलीलाच ठिवतात. मंग माज्यात काय राहतंय गं?"

मी म्हणाले, "काही राहत नाही."

"तुला ठावं हाय का उगं म्हणून राहिलीस?"

मी बाहेर बघितलं. खरं सांगायचं तर मी उगंच म्हणत होते.

आई गावी परतली त्या आठवड्यात मीही दोन दिवस घरी होते. शेजारच्या काकू भेटायला आल्या. काकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर. आई त्यांना अक्का म्हणते. मी लहान असताना आई शेतात गेली की काकूच मला जेवू घालायच्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सहावा महिना होता. काकू आत आल्या, पण टेकल्या नाहीत. आईच्या खांद्यावरून पदर सरकला होता, गळ्याखाली शाईच्या रेघांची टोकं दिसत होती. काकूंनी ती बघितली आणि मला अंगणात बोलावलं.

"पोरी, तू तर हेच शिकलालीस न्हवं? खरं सांग. तुज्या आईच्या अंगातून किरणं निघतात का?"

"तसं काही नसतं, काकू."

"मंग माज्या भावाला कामून सांगितलं तसं? हैदराबादला त्याच्या गळ्याच्या गाठीला किरणंच दिली होती. डाक्टरनं स्वता सांगितलं. ताट येगळं, अंथरूण येगळं, लेकरांना जवळ घ्यायचं न्हाई, पोटुशा बाईनं तर जवळ फिरकायचंच न्हाई. ते खोटं होतं का?"

अणूची रचना या धड्यावर मला चांगले मार्क होते. केंद्रक, त्यातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवतीचे इलेक्ट्रॉन, सगळं आकृतीसकट पाठ होतं. अल्फा, बीटा, गॅमा यांची तुलना मी तक्त्यात लिहून देऊ शकत होते. पण काकूंचा भाऊ त्या तक्त्यात कुठं बसतो ते मला कळेना. मी गप्प उभी राहिले. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "असू दे माय. तुजं तोंडच सांगलालंय."

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं, कॉलेजात शिकणारी पोरगीसुद्धा नाही म्हणाली नाही. त्यानंतर वार ठरले. आईला कुणी काही बोललं नाही, भांडण नाही, काही नाही. ती विचारायला गेली तेव्हा एक बाई म्हणाली, "यंदा तू आराम कर बाई." एवढंच.

मला काकूंचा राग आला, आणि तो मी लपवत नाही. पण त्याहून जास्त राग मला माझ्या पाठांतराचा आला. मी लातूरला परत गेले आणि पहिल्यांदा फिजिक्सच्या सरांच्या खोलीत गेले. तोपर्यंत वर्गात मी कधी हात वर केला नव्हता. पुस्तकं इंग्रजीत, मी मराठी शाळेतली, प्रश्न मनात जुळवेपर्यंत तास संपायचा. त्या दिवशी मी दारातच सगळं सांगून टाकलं, आईचं, काकूंच्या भावाचं, पापडांचंही.

सर म्हणाले, "नववीपासून अणू शिकताय आणि प्रश्न आत्ता पडला?"

"हो सर," मी म्हणाले. "आत्ताच पडला."

त्यांनी बसायला सांगितलं. एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी आकृती काढली. एक अणू आपल्या मोंढ्याएवढा, अख्ख्या धान्यबाजाराएवढा केला, तर केंद्रक म्हणजे मधोमध पडलेली एक मोहरी. बाकी मोंढा रिकामा, कडेकडेनं इलेक्ट्रॉन. काही अणूंची ही मोहरी ठीक बसलेली नसते. ती कधी ना कधी आपल्यातला तुकडा किंवा ऊर्जा बाहेर फेकते आणि शांत होते. ही फेक म्हणजे किरणोत्सर्ग. काकूंच्या भावाला तसलं आयोडीन प्यायला दिलं असणार. म्हणजे असे न बसलेले अणू त्याच्या पोटातून गळ्यापर्यंत गेले, आणि तिथं एकेक करून फुटत राहिले. आठ दिवसांत निम्मे, पुढच्या आठ दिवसांत उरलेल्यातले निम्मे. तोवर त्याच्या अंगातून किरण खरंच बाहेर पडत होते. डॉक्टरांनी त्याला बरोबर सांगितलं होतं.

"आणि आईला?"

"आईच्या मशीनमध्ये वीज लावून इलेक्ट्रॉन पळवतात आणि धातूवर आपटतात. त्यातून किरण निघतात. बटण बंद, किरण बंद. बॅटरी विझवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहतो का? तसंच. त्यांच्या अंगात काहीही घातलेलं नाही. पायाचा एक्स-रे काढलेल्या माणसाला कुणी वेगळं ताट देतं का?"

मी मनात म्हटलं, काकूंच्या स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे त्यांच्याच कपाटावर पडलेला आहे.

आयोडीनवाल्याला नियमांचा कागद मिळाला. आईला मिळाला नाही, कारण तिच्यासाठी नियमच नव्हता. पण नियम नाही, हे सांगणारा कागद कुणी देत नाही. मग गल्लीनं दुसऱ्याचा नियम उचलून आईला लावला.

सरांकडे किरण मोजायचा, हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा एक काउंटर होता. किरण त्याच्या नळीतून गेला की तो टिक करून वाजायचा. मी तो दोन दिवसांसाठी मागितला. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. सर म्हणाले, "न्या. पण येताना रीडिंग लिहून आणायची. प्रयोग म्हणून देतोय, खेळणं म्हणून नाही."

काउंटर कपाटातून काढून द्यायचं काम प्रयोगशाळेतल्या चाचांचं. चाचांचं घर लातुरात पिढ्यान् पिढ्यांचं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे चाचांच्या हाताला मशीनची माया होती. त्यांनी नळी फडक्यानं पुसली आणि मला बजावलं, "बेटा, पयले रिकामं मोजायचं. पुढं काही ठेवायचं न्हाई, तरी वाजतं ते. भिंतीतून, जमिनीतून, वरून आभाळातून, येतच राहतं. ते लिहून घे. मग माल ठेव. रिकामं ज्यानं मोजलं न्हाई, त्याचं पुढचं सगळं रद्दी."

मी "हो चाचा" म्हणाले.

घरी फोन केला तेव्हा आईनं आपणहून सांगितलं, "मी उडीद दळून आणलेत. आयतवारी माजा वार. कुणी येवो न येवो."

"तुझं नाव नाही ना वारात."

"मी घातलं की आता."

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा आईनं ओसरी सारवून ठेवली होती. पीठ भिजवून परातीत झाकून ठेवलेलं, शेजारी तेलाची वाटी. सहा पोळपाट मांडलेले, तिनं घरातले आणि माझ्या चुलतीकडून आणलेले. सहाही रिकामे. तिनं एक लाटणं उचललं आणि एकटीच लाटायला बसली. मी बाहेर गेले आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सांगितलं, कॉलेजातून किरण मोजायचं मशीन आणलंय, कुणाला बघायचंय त्यांनी या.

मशीन बघायला मात्र सगळ्या आल्या. लाटणं कुणाच्याच हातात नव्हतं. पाच-सहा बायका अंगणात उभ्या राहिल्या. काकू पुढे, आणि त्यांची लेक मागे दाराच्या चौकटीला धरून.

मला घाई झाली होती. मी काउंटर बाहेर काढला, तडक आईकडे गेले आणि बटण दाबलं.

टिक. टिक-टिक.

"वाजलं!" काकू ओरडल्या. "बघा गं, वाजलं!"

दोघी मागे सरल्या. एकीनं नाकाला पदर लावला, जणू किरणांना वास येतो. काकूंची लेक पोटावर हात ठेवून रस्त्यावर गेली. मशीननं आणखी एकदा टिक केलं आणि मग गप्प बसलं. चाचांचं वाक्य मला तेव्हा आठवलं, जेव्हा त्याचा उपयोग निघून गेला होता.

"ते तसं नाही," मी म्हणू लागले, "ते रिकामंसुद्धा वाजतं. थांबा, आई, परत लावते, एक मिनिट मोजते..."

मी पुन्हा तिच्याकडे वळले तर आईनं लाटणं आडवं धरलं.

"सर मागं."

"अगं, मला दाखवू दे त्यांना."

"मी काय सोयाबीनचं पोतं हाय का गं, मशीन लावून वल बघायला? उदगीरच्या मोंढ्यात आणलीस का मला?" ती माझ्याशी बोलत होती, पण आवाज अंगणासाठी होता. "लावायचंच आसंल तर आधी समद्यांना लाव. अक्काला लाव. तुज्या सवताला लाव. भिताडाला लाव. माजी पाळी शेवटी."

त्या क्षणी मला आईचाही राग आला. तिच्यासाठीच मी हे आणलं होतं. पण ती जे म्हणत होती, तेच चाचा म्हणाले होते.

मी वही काढली. आधी अंगणाच्या मधोमध काउंटर धरला, पुढे काहीही नाही. टिक. बराच वेळ काही नाही. मग टिक-टिक. एक मिनिट झालं, आकडा लिहिला.

"आता कुणाला वाजलालंय?" एका बाईनं विचारलं.

"कुणालाच नाही. हे जमिनीतनं, भिंतीतनं, आभाळातनं येतं. कायम येत असतं. आपण जन्मलो तेव्हापासून."

"मंग आतापस्तोर आयकू कामून आलं न्हाई?"

"मशीन नव्हतं म्हणून."

मग भिंत. मग तुळशीचा कट्टा. मग माझा हात. सगळीकडे जवळजवळ तेच, कधी दोन टिक जास्त, कधी दोन कमी. कोपऱ्यात वडिलांनी उसासाठी आणलेलं पोटॅशचं पोतं होतं, तोंड उघडं, आत लालसर खडे. मी नळी त्यात धरली आणि टिकटिक चांगलीच दाट झाली. सगळ्यांनी ऐकलं.

"हे पोटॅश," मी म्हणाले. "ह्यातल्या थोड्याशा अणूंच्या मोहऱ्या नीट बसलेल्या नसतात. तुम्ही सगळ्यांनी हे उघड्या हातानं रानात फेकलंय. केळ्यांत हेच असतं. आपल्या प्रत्येकाच्या अंगात हेच असतं, काकू. तुमच्या, माझ्या, तुमच्या लेकीच्या पोटातल्या बाळाच्यासुद्धा. त्याच्याशिवाय माणूस जगत नाही. त्यातले हजारो दर सेकंदाला फुटतात, आणि त्यानं कुणाला काही होत नाही."

मी एवढं सलग कधी बोलले नव्हते. काकूंच्या भावाचंही सांगितलं, की त्याला औषध पाजलं होतं, ते अंगात होतं, म्हणून तो नियम खरा होता, पण तेवढ्याच दिवसांपुरता. आईला काही पाजलेलं नाही. आणि मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला येत नव्हतं. मी गप्प बसले ती माझी चूक. त्याची शिक्षा आईला नको."

काकूंनी हात पुढे केला.

मी काउंटर त्यांच्या तळहातावर धरला. टिक. काकू दचकल्या, पण हात काढला नाही. मिनिटभर ठेवला. आकडा अंगणाएवढाच. मग दुसरीनं हात केला, मग तिसरीनं. "माजं लई वाजलं का गं?" "तुजं तोंडच लई वाजतंय, ते मोजलं का?" हशा झाला. काकूंची लेक हळूच परत दारात आली. तिनंही हात केला, आणि तिचाही आकडा मी लिहिला.

शेवटी आई राहिली. मी काउंटर घेऊन तिच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

आई पापड लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आता बी लावायचं राहिलंय का?"

मी मशीन बंद केलं आणि डब्यात ठेवलं.

काकू ओसरीवर चढल्या. आईनं पिठाची एक लाटी तेलात बुडवून पुढे केली. आमच्याकडे कच्च्या लाट्या खायला लेकरं रांग लावतात, आणि पोटुशा बाईला तर त्याचे डोहाळेच लागतात. काकूंची लेक महिनाभर भिंतीपलीकडून लाट्या मागत होती, ते आईला ऐकू यायचं. काकूंनी लाटी घेतली, पण लेकीला दिली नाही. स्वतःच्या तोंडात टाकली, सावकाश चावली, गिळली. आईनं पुढे वाकून त्यांच्या पोटाला कान लावला.

"काय करलालीस?"

"वाजलालंय का बघते, अक्का."

काकूंना ठसका लागला, हसायचा की कशाचा, कळलं नाही. डोळे पुसत त्या लेकीला म्हणाल्या, "ये. खा. आन् घरून माजं लाटणं धाडून दे."

त्या दिवशी सगळ्या बसल्या नाहीत. दोघी "काम हाय" म्हणून निघून गेल्या, आणि पुढच्या घरच्या पापडाला एकीनं आईला बोलावलं नाही, ते आजतागायत नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. आई म्हणते, त्यांच्या पिठात खार जास्त होतो, तेवढं पुरे.

सोमवारी मी काउंटर चाचांकडे दिला. त्यांनी नळी डोळ्याजवळ धरून बघितली. "रिकामं मोजलं का आधी?"

"नाही चाचा. विसरले. नंतर मोजलं."

"मग?"

"मग आईनं आठवण करून दिली."

वही सरांनी वर्गात तपासली. अंगण, भिंत, तुळशीचा कट्टा, पोटॅश, मी, काकू आणि बाकीच्या. शेवटच्या ओळीत मी आधीच "आई" लिहून ठेवलं होतं, आणि तिच्यापुढची चौकट कोरी होती.

"हे रीडिंग कुठंय?" सरांनी विचारलं. "मुख्य तर हेच होतं."

"घेतलं नाही, सर."

"मग प्रयोग अपूर्ण आहे."

वर्गातली मुलं ऐकत होती. सर भले माणूस आहेत, आणि नियमानं त्यांचंच बरोबर होतं.

"हो सर," मी म्हणाले. "अपूर्णच राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. कोऱ्या चौकटीखाली सही केली आणि वही माझ्या हातात दिली.